आधी बस, मग खोली

पत्र: "माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चाकण एमआयडीसीत महाळुंगे इथल्या एका कारखान्यात तिला सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली आहे, मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. महिन्याला आठ हजार देणार आहेत. राहण्याची आणि जाण्यायेण्याची सोय तुमची तुम्ही करा, असं कंपनीने मेलमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. माझा भाऊ धायरीला राहतो. यांचं म्हणणं, सख्खा मामा पुण्यात असताना मुलगी परक्याच्या घरात कशाला, आणि वर पैसे कशाला? मुलगी म्हणते, मामाकडून रोज जमणार नाही. त्यावर हे म्हणतात, मग तिची स्कूटी पाठवून देऊ. ती आजवर घर सोडून कुठे राहिलेली नाही. भावाला नाही म्हटलं तर त्याला काय वाटेल ही धास्ती वेगळीच. काय करू?"
– एक आई, तासगाव

ताई,

आधी माझं सांगते. मी निगडी प्राधिकरणात राहते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सोळा वर्षं मुली राहून गेल्या आणि त्यातल्या निम्म्याशिम्म्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जाणाऱ्या होत्या. आता गुडघ्यांनी जिना सोडला, म्हणून खोल्या बंद केल्यात. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते गिऱ्हाईक मिळवायला लिहितेय असं समजू नका.

तासगावात बसून बघितलं की पुणं एक दिसतं. मामा पुण्यात, कंपनी पुण्यात, मग अडचण काय? पण धायरी शहराच्या दक्षिण टोकाला, सिंहगड रस्त्यावर. महाळुंगे उत्तरेला, पिंपरी-चिंचवड संपल्यावर इंद्रायणी ओलांडून पलीकडे, खेड तालुक्यात. मधे अख्खी दोन शहरं. तुमच्या लेकीने रोजचा प्रवास कसा करायचा ते मांडून बघू. धायरीहून पीएमपीने, म्हणजे शहर बसने, स्वारगेट. स्वारगेटहून मेट्रोने नाशिक फाटा. तिथे उतरून भोसरी-मोशीवरून चाकणला जाणारी बस. चाकणच्या तळेगाव चौकात उतरून सिक्स सीटर, म्हणजे तुमच्याकडचं वडाप. ते महाळुंग्यात सोडेल, पुढे कंपनीच्या गेटपर्यंत पायी. सगळं हाताशी लागलं तरी अडीच तास, आणि चाकणचा चौक तुंबला तर किती ते मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही.

जाऊन-येऊन पाच तास धरा. आठवड्याला सहा दिवस, सहा आठवडे, म्हणजे छत्तीस दिवस. एकशे ऐंशी तास होतात. चोवीसने भागा: साडेसात. साडेसात अख्खे दिवस आणि रात्री मुलगी नुसती रस्त्यावर. ही साडेसाती फुकट राहण्याची किंमत आहे, आणि ती तुमच्या यजमानांच्या हिशेबात धरलेली दिसत नाही.

आमच्याकडे परभणीची एक मुलगी होती. तिची मावशी कात्रजला, त्यामुळे पहिले आठ दिवस तिकडून गेली. नवव्या दिवशी मावशीच तिला घेऊन आमच्या दारात आली. मी जेवायला वाढलं. पोरगी वरणभात कालवता कालवता झोपली. खरंच झोपली, हात ताटातच. मावशी म्हणाली, "घरी पण हेच चाललंय हो. सकाळी साडेपाचला जाते, रात्री नवाला येते, माझ्याशी बोलायलाही शुद्धीवर नसते." मावशीचं प्रेम कमी नव्हतं. पण प्रेमाने कात्रजचं अंतर कमी होत नाही.

तेव्हा तुमची लेक बरोबर आहे. पण "मामाकडे नको" एवढं ठरल्याने काम होत नाही. इथून पुढे बहुतेक जण एक चूक करतात. मोबाईलवर खोल्या बघायला लागतात, स्वच्छ फोटो आणि परवडणारं भाडं बघून एक पसंत करतात, पैसे भरतात आणि मग तिथून कंपनीत कसं जायचं ते शोधत बसतात. क्रम उलटा करा. आधी बस शोधा. बस जिथे थांबते त्या चौकापासून पायी दहा मिनिटांच्या आत जी खोली मिळेल ती घ्या, मग ती थोडी लहान असली, महाग असली, भिंतीला ओल असली तरी.

कुठली बस? कारखान्याची. कंपनीने "सोय तुमची तुम्ही" लिहिलंय ते खरं, पण ते मेल लिहिणाऱ्या विभागाचं उत्तर झालं. चाकणचे मोठे-मध्यम कारखाने कामगारांसाठी बसगाड्या लावतात. सकाळी निगडीच्या टिळक चौकात सात-साडेसातला उभं राहा, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं घोळक्या-घोळक्याने थांबलेली दिसतील आणि एकापाठोपाठ एक बस त्यांना उचलून नेताना दिसेल. अशीच गर्दी आकुर्डीला, चिंचवडला, नाशिक फाट्याला, भोसरीला, मोशीला. यातल्या कित्येक गाड्यांत मागची बाकं रिकामी असतात. इंटर्नला त्यात बसू द्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे हजेरी आणि शिफ्टचं बघणाऱ्या विभागात, किंवा ॲडमिनमध्ये असतो, आणि त्याला सहसा कुणी विचारतच नाही.

लेकीने विचारावं. तुम्ही नाही, यजमानांनीही नाही. इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलीच्या वडिलांचा फोन टाइम ऑफिसला गेला तर पहिल्या दिवसापासून ती तिथे "त्या फोनवाल्यांची मुलगी" होते. ज्यांनी तिची निवड कळवली त्यांच्याकडून टाइम ऑफिसचा नंबर घ्यायचा आणि साधं बोलायचं: "सर, मी अमुक तारखेपासून इंटर्न म्हणून येतेय. जनरल शिफ्टच्या बसमध्ये मला जागा मिळेल का? निगडी-आकुर्डीकडची बस कोणत्या चौकात, किती वाजता येते? संध्याकाळी किती वाजता सुटते?" त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्यायच्या. सहाही आठवडे जनरल शिफ्टच, म्हणजे दिवसाचीच पाळी, असेल ना? कारण मधेच फर्स्ट शिफ्टला टाकलं तर बस पहाटेची होते आणि खोलीवालीचा डबा तेव्हा तयार नसतो. आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी? हे विचारायचं कारण, पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी पूर्वापार गुरुवारी. चाकणला कंपनीगणिक वेगळं असतं. रविवारी घरी येईन असं तुम्हाला सांगून बसली आणि सुट्टी निघाली गुरुवारी, तर ठरवलेलं सगळं कोलमडतं.

बसला हो म्हणाले की खोली कुठे शोधायची ते आपोआप ठरतं. नाही म्हणाले तर निगडीहून तळवड्यामार्गे चाकणच्या बाजूला पीएमपी जाते. निगडी ते महाळुंगे पंधरा किलोमीटरच्या आसपास, धायरीच्या मानाने अंगणच. फक्त पास काढण्याआधी कुठपर्यंत चालतो ते खिडकीवर विचारा, कारण चाकण दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेर आहे.

थेट महाळुंग्यातच खोली का नको, असं तुम्ही विचाराल. तिथे खोल्या आहेत, भरपूर आहेत. गावकऱ्यांनी शेताच्या कडेला बांधलेल्या दहा-दहा खोल्यांच्या रांगा, पुढे सामाईक ओटा, भाडं कमी. मुलगा असता तर मी डोळे झाकून तेच सांगितलं असतं. एकट्या मुलीला सहा आठवड्यांसाठी मी ते सांगत नाही. हे लिहायला मला आवडत नाही, कारण गाव वाईट आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि तसं नाही. पण त्या रांगांत नव्वद टक्के मुलगे आणि तीन शिफ्टचं येणंजाणं. नव्या मुलीला कुणाला काय विचारावं तेही कळत नाही. त्याच कंपनीत आणखी एखादी मुलगी इंटर्न येत असेल आणि दोघी मिळून राहणार असतील, तर गोष्ट वेगळी. कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांना विचारा, बऱ्याचदा एका कॉलेजातून दोघी-तिघी निवडलेल्या असतात आणि एकीचा दुसरीला पत्ता नसतो.

मोबाईलवर खोली शोधताना एक खड्डा आहे, त्यात दरवर्षी कुणीतरी पडतं. पुण्यात दोन महाळुंगे आहेत. एक तुमच्या लेकीचं, चाकणजवळचं, पूर्ण नाव महाळुंगे इंगळे. दुसरं बालेवाडीच्या शेजारचं, तिथे आयटीवाले राहतात, उंच उंच सोसायट्या आहेत. नुसतं "महाळुंगे" टाकलं की बालेवाडीकडच्या चकचकीत खोल्या आधी दिसतात. आमच्याकडे आलेल्या एका मुलीने तिकडे पैसे भरून ठेवले होते. कंपनीपासून चार किलोमीटर म्हणून घेतली होती बिचारीने.

आता पैसे. इथे तुम्हाला थोडं भांडावं लागेल. पीजीवाल्यांचे, म्हणजे पैसे घेऊन मुली ठेवून घेणाऱ्यांचे, नियम वर्षभर राहणाऱ्यांसाठी केलेले असतात, सहा आठवड्यांच्या पाहुणीला ते जसेच्या तसे लावले तर नागवण होते. समजा, जेवणासकट महिना आठ हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि सोडताना एक महिन्याची नोटीस. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. एक महिन्याची नोटीस द्यायची तर बाराव्या दिवशीच "मी जाणार" सांगावं लागेल. बारशालाच निरोप! मुली हे विसरतात आणि जाताना ऐकतात की नोटीस दिली नाही म्हणून डिपॉझिटमधला एक महिना कापला. म्हणून पैसे देण्याआधीच बोला: तारीख अमुक ते तमुक, दीड महिन्याचं भाडं, डिपॉझिट जास्तीत जास्त एक महिन्याचं, नोटीस आजच दिली असं समजा, जायच्या दिवशी डिपॉझिट परत. एवढं साध्या कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या. चांगली खोलीवाली याला हो म्हणते. मी म्हणायचे, कारण आमच्या बाजूला निगडी, आकुर्डी, रावेत सगळीकडे कॉलेजं आहेत. परीक्षा संपल्या की वर्षभराच्या मुली घरी जातात आणि जून-जुलैत खाटा रिकाम्या पडतात. रिकाम्या खाटेपेक्षा दीड महिन्याची मुलगी बरी. अर्थात मेच्या मध्याला परीक्षा चालू असतात, तेव्हा पहिले पंधरा दिवस जागा मिळायला त्रास होईल. मामाकडचा मुक्काम लागलाच तर तेवढ्यापुरता ठेवा, नाहीतर दोघींच्या खोलीत तिसरी खाट टाकून द्या म्हणावं.

महिना आठ हजार मिळणार आणि आठ हजार खोलीला जाणार, मग उपयोग काय, असं घरात म्हटलं जाईलच. तासगावपासून किर्लोस्करवाडी किती लांब आहे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना काढला तेव्हा कारखान्याशेजारी माणसांची वस्तीही वसवली. कामाच्या जवळ राहायला मिळालं की माणूस काम शिकतो, हे तुमच्या पंचक्रोशीला शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. यजमानांना एवढं एकदा आठवण करून द्या. पुढचं तेच बोलतील.

खोली न बघता एक रुपयाही टाकू नका. "फौजेत आहे, बदली झालीय, तुम्ही टोकन टाका, किल्ली पाठवतो" असं म्हणणारे फोनवर फार गोड असतात. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा, "फक्त खोलीसाठी", आणि तारीख. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं घरमालकाचं काम आहे. त्यासाठी फोटो आणि कागद मागितले तर मुलीने कुरकुरू नये. उलट "त्याची काही गरज नाही हो" म्हणणाऱ्या घरात मला जरा शंका येते.

खोली बघायला संध्याकाळी सातला जायचं, सकाळी अकराला नाही. अकराला सगळ्या खोल्या चांगल्याच दिसतात. सातला कळतं की जिन्यात दिवा आहे का, चौकापासूनच्या गल्लीत दुकानं उघडी आहेत का, आणि खाली कोण बसलेलं असतं. नळ सोडून बघा. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून पाणी एक दिवसाआड येतं. टाकी मोठी असेल तर कळतही नाही, लहान असेल तर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी दुपारी नळ कोरडा. कारखान्यातून आलेल्या मुलीला संध्याकाळी अंघोळ लागतेच. कूलंटचा वास माहीत आहे का तुम्हाला? मशीनवर कापताना जे पांढरट पाणी सोडतात त्याचा. केसांत बसतो, ओढणीत बसतो. आमच्या जिन्यावर सेफ्टी शूजची रांग असायची, आत आणायला बंदी. पावसाळ्यात ती रांग ओलांडून वर जायचं म्हणजे नाकाला पदर. तेव्हा कपडे वाळत घालायला आणि बूट ठेवायला आडोशाची जागा आहे का तेही बघून ठेवा, कारण शेवटचे दोन-तीन आठवडे पावसाचे आहेत.

गेट किती वाजता बंद होतं हे विचारताना मुली थांबतात, त्याच्या पुढचा प्रश्न विचारत नाहीत. पुढचा प्रश्न असा: बस उशिरा आली तर? साडेआठला गेट बंद करणारी बाई "फोन करा, उघडते" म्हणाली तर ठीक. "नियम म्हणजे नियम" म्हणाली तर दुसरी खोली बघा. डब्याचंही तसंच. सातला निघणाऱ्या मुलीला पावणेसातला पोह्यांची बशी तरी मिळेल का? दुपारचं जेवण बहुधा कंपनीतच होईल. मोठ्या कारखान्याला कॅन्टीन कायद्यानेच ठेवावं लागतं, पण इंटर्नला कूपन मिळतं का, हे टाइम ऑफिसच्या त्याच फोनवर विचारून टाकायचं. मिळत असेल तर खोलीवालीशी एकाच वेळच्या जेवणाचे पैसे ठरवा.

स्कूटी. ती पाठवता येते हो, रेल्वेच्या पार्सलने येते, ट्रान्सपोर्टवाले आणतात. प्रश्न तो नाही. चाकणच्या रस्त्यांवर सकाळी मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, कंटेनर, बसगाड्या आणि मधल्या फटींतून दुचाक्या, असं सगळं एकत्र चालतं. जूनमध्ये पहिल्या पावसाने कडेच्या मातीचा चिखल होतो आणि खड्डा पाण्याखाली जातो. तिथे रोज चालवणारी मुलं आहेत, ती वर्षभर चालवून सरावलेली आहेत. तासगावच्या बाजारपेठेत गाडी चालवणाऱ्या मुलीने दीड महिन्यासाठी तो सराव करायला जाऊ नये. यावर माझं मत ठाम आहे आणि हेल्मेट घेऊन देतो वगैरेने ते बदलणार नाही. खोली चौकाजवळ घेतली की स्कूटीचं कामही उरत नाही.

सकाळचं एवढं सगळं बोलून झालं, पण खरी काळजी संध्याकाळची आहे. सकाळची बस चुकली तर मुलगी निगडीत असते. तिथे पीएमपी आहे, रिक्षा आहे, माणसं आहेत. संध्याकाळची चुकली तर ती महाळुंग्यात असते. आणि ती चुकते कशी, तर कुणीतरी चांगुलपणानेच थांबवतं. "आज मशीनची ट्रायल आहे, थांब, शिकायला मिळेल." शिकायला मिळतं हे खरं. मुलीला हो म्हणायचा मोह होतो, आणि सव्वासातला ट्रायल संपल्यावर साहेब आपल्या गाडीत बसून दुसऱ्या दिशेला निघून जातात. म्हणून हो म्हणायच्या आधी तिथल्या तिथे विचारायचं, "सर, थांबते, पण परतीची सोय काय होईल?" यात उद्धटपणा नाही. बहुतेक जण लगेच सेकंड शिफ्टच्या सुटण्याच्या वेळा सांगतात किंवा कंपनीची गाडी काढतात. त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं. मोबाईलवरून बोलावलेली रिक्षा निगडीत पाच मिनिटांत येते, महाळुंग्यात पावसात येईलच असं नाही. ११२ हा नंबर फोनमध्ये वर असू दे. बसच्या ड्रायव्हरचा नंबर पहिल्याच दिवशी घ्यायला सांगा, हा सगळ्यात कामाचा नंबर.

एक दिवस आधी रंगीत तालीम होऊ दे. सोमवारी रुजू व्हायचं असेल तर शनिवारी येऊन राहावं आणि ज्या वेळी बस पकडायची त्या वेळी खोलीपासून चौकापर्यंत एकदा चालून बघावं. चौकाच्या कुठल्या कोपऱ्यावर बस थांबते हे तिथल्या चहावाल्याला माहीत असतं. टिळक चौक म्हणजे काही एक खांब नाही, मोठा चौक आहे. चुकीच्या कोपऱ्यावर उभी राहिलेली मुलगी बस डोळ्यांदेखत निघून जाताना बघते.

जूनमध्ये आणखी एक येतं, ते बाहेरगावच्यांच्या लक्षात नसतं: पालख्या. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची निघते, अष्टमीला आळंदीहून माउलींची. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला असते. त्या दिवसांत निगडीपासून पुढचा रस्ता, आळंदी-दिघीकडचे रस्ते वळवलेले असतात, कंपनीच्या बसगाड्यांचे थांबेही बदलतात. यंदाची तिथी जूनमध्ये पडते की जुलैत ते पंचांगात बघा. जूनमध्ये असली तर आदल्या दिवशी ड्रायव्हरला फोन. आणि सुट्टी मिळालीच तर लेकीला म्हणावं, आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात जाऊन दर्शन घे, आमच्या मुली जायच्या.

आता भाऊ. मला वाटतं, पत्रातला तुमचा खरा प्रश्न हाच होता, बाकीचं निमित्त. त्यांना नाही म्हणू नका. त्यांना काम द्या. फोन करून सांगा: "दादा, तिची कंपनी तुझ्याकडून फार लांब पडतेय, खोली निगडी-आकुर्डीत घ्यावी लागेल. पण मला तिथलं काही कळत नाही. तू बघून ये. तू पसंत केल्याशिवाय मी पैसे भरणार नाही." मग खोली बघायला संध्याकाळी सातला जातील ते मामा. खोलीवालीशी डिपॉझिटवरून घासाघीस करतील ते मामा, आणि ती तुमच्यापेक्षा चांगली करतील. कागदावर स्थानिक पालक म्हणून नाव आणि नंबर त्यांचा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लेक धायरीला जाईल, मामीच्या हातचं खाईल, धुवायचे कपडेही नेईल, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. आठवड्यातून एकदा येणारी भाची, ताज्या मनाने गप्पा मारणारी, ही रोज रात्री नवाला येऊन जेवता जेवता झोपणाऱ्या भाचीपेक्षा मामा-मामीला जास्त आवडेल. नाही आवडली तर मला लिहा.

दर आठवड्याला तासगाव गाठायचा हट्ट मात्र धरू नका. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पैशांचं फारसं नाही; पण एका दिवसाच्या सुट्टीत जाऊन-येऊन ती दमेल आणि दुसऱ्या दिवशी मशीनसमोर उभी राहील. मधे एकदा, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला, एक दिवस जोडून रजा मिळाली तर येऊ दे. नाहीतर तुम्हीच या. धायरीला उतरा, भावाकडे राहा, आणि एका संध्याकाळी निगडीला येऊन ती बसमधून उतरते ते बघा.

शेवटी, घरातून निघायच्या आधी तिचे सेफ्टी शूज घ्या. कंपनी देते का विचारा, पण देत असली तरी मुलींच्या मापाचे त्यांच्याकडे असतीलच असं नाही. आमच्या एका मुलीने चार नंबरचा पाय सहा नंबरच्या बुटात दोन मोजे घालून सहा आठवडे काढला होता. सांगली-मिरजेच्या दुकानांत विचारा, नाही मिळाले तर मागवून घ्या, यायला आठवडा जातो. आणि टाइम ऑफिसचा फोन या आठवड्यातच होऊ दे. बस कळली की भावाला खोली बघायला पाठवायला तुम्हाला एक रविवार मोकळा मिळतो.